प्रवाळाचा श्वास

पोवळे म्हटले की आपल्या घरांतून अंगठीतला खडा नाही तर मंगळसूत्रातला लाल मणी आठवतो. वस्तुतः तो खडा नव्हे. एका समुद्रजीवाचा तो सांगाडा होय. त्याच्याच गोतातले, उष्ण समुद्रांत भिंती रचणारे प्रवाळ अमेरिका-युरोपात अनेक जण घरातल्या काचपेटीत वाढवितात. उजेड, क्षार आणि उष्णता यांची ते कसोशीने काळजी घेतात. परंतु पुष्कळदा हे सारे यथास्थित असूनही प्रवाळ झुरू लागतो आणि त्याचे कारण निघते ते पाण्याच्या प्रवाहात.

मासा पाण्यात हिंडतो. प्रवाळ मात्र एकदा खडकाला चिकटला की जागचा हलत नाही. पाण्यानेच त्याच्याकडे चालत यावे लागते. त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. प्राणवायू, अन्नकण आणि टाकाऊ द्रव्ये यांची सारी देवघेव त्या थरातून व्हायची. ओले कपडे पंख्याखाली लवकर वाळतात, कारण त्यांना बिलगलेली दमट हवा वारा दूर करतो. प्रवाहाचे कामही असेच आहे. तो वाढला की हा थर विरळ होतो आणि प्रवाळाला मोकळा श्वास घेता येतो. दिवसा त्याच्या शरीरातील एकपेशीय शैवाल प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र तो सर्वस्वी बाहेरून मिळवावा लागतो.

१९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांच्या काचपेट्यांची माहिती एका अमेरिकन मासिकात आली. समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांचे काम चाले. आज बुडबुड्यांची जागा छोट्या विद्युत्पंपांनी घेतली आहे. ढोबळ हिशेब असा की, मऊ प्रवाळांसाठी तासाला पेटीतील पाण्याच्या दहा ते वीस पट पाणी हलावे, तर फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी तीस ते पन्नास पट. म्हणजे दोनशे लिटरच्या पेटीत पहिल्यांना दोन ते चार हजार लिटर लागते, दुसऱ्यांना सहा ते दहा हजार.

तथापि आकडा ही केवळ सुरुवात. समुद्रात लाट येते आणि परतते. एकाच दिशेने सतत मारा होत नाही. म्हणून दोन पंप समोरासमोर, आळीपाळीने चालणारे ठेवणे उत्तम. झोत थेट अंगावर पडला तर कोवळे मांस सांगाड्यापासून सुटू लागते.

योग्य प्रवाह कोणता, ते अखेर प्रवाळच सांगतो. लांब शुंडकांचा प्रवाळ वाऱ्यातल्या शेतासारखा सावकाश डोलावा. शुंडके एकाच बाजूला वाकून राहिली किंवा प्रवाळ मिटूनच बसला, तर जोर जास्त आहे असे समजावे. अंगावर गाळ वा बुळबुळीत स्राव साचला, तर तो कमी पडतो. बदल करावा तो थोडा, आणि मग काही दिवस थांबून पाहावे. वीज गेल्यास पाणी हलते राहावे म्हणून बॅटरीवरचा हवापंप हाताशी हवाच.

हे केवळ छंदापुरते नाही. १९९८ साली समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा जपानच्या ओकिनावा भागातील अभ्यासकांना असे आढळले की, जोराच्या प्रवाहातले प्रवाळ अधिक तगतात. समुद्रात काय किंवा पेटीत काय, वाहते पाणी हा प्रवाळाचा मोठा आधार आहे.

आपल्या देशात मात्र कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. ते समुद्रातून काढणे वा त्यांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा आहे. तेव्हा कोणी दुकानदार जिवंत प्रवाळ देऊ करील, तर त्याला नकोच म्हणावे. बडोद्याकडील वाचकांना तर जामनगरजवळचे नरारा फार दूर नाही. कच्छच्या आखातातील ह्या सागरी उद्यानात ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. उथळ डबक्यात वाकून पाहावे, हात मात्र लावू नये. भरती परतू लागली की तेच पाणी त्यांचा श्वास घेऊन येते.