नाव आणि नमुना : सूक्ष्म अळंबीच्या वर्णनाची भाषा

पावसाची पहिली झड होऊन गेली की रायपूरच्या बाजारांत रानातली अळंबी दिसू लागते. शंकर नगरातील मराठी घरात तिला अळंबीच म्हणत असले, तरी भाजीवालीशी बोलताना ‘फुटू’ हा शब्द वापरणे सोयीचे असते. छत्तीसगढीत फुटू, पुटू, पिहरी अशी नावे आहेत. बस्तरच्या सालवनात मातीखाली वाढणाऱ्या गोलसर प्रकाराला ‘बोडा’ म्हणतात आणि भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या अळंबीला ‘पैरा फुटू’. पैरा म्हणजे पेंढा. वस्तू कशी दिसते हे न सांगता ती कोठे उगवते हे हे नाव सांगते. नव्याने सापडलेल्या एखाद्या सूक्ष्म अळंबीचे शास्त्रीय वर्णन कसे सिद्ध होते, या प्रश्नाकडे भाषेच्या अभ्यासकाने या नावापासून वळण्यास हरकत नाही.

आपल्या साहित्यपरंपरेत अळंबीचा निर्देश फार जुना आहे. ‘मेघदूता’च्या पूर्वमेघात मेघाच्या गर्जनेने भूमीतून शिलींध्रे वर येतात आणि ती भूमीच्या सुफलतेची खूण ठरतात, अशी कल्पना आहे. परंतु शिलींध्र म्हणजे नेमके काय? आधुनिक भाषांतरकार बहुधा भूछत्र असा अर्थ घेतात; मल्लिनाथ मात्र आपल्या टीकेत ‘कंदली’ असा अर्थ देतो, आणि कंदली ही तर वनस्पती. हा वाद कोशांच्या आधारे मिटणारा नाही. कारण कवीने ज्या वस्तूकडे पाहून शब्द योजला ती वस्तू कोणी जपून ठेवलेली नाही. (यक्षाचा रामगिरी सरगुजातील रामगढ की विदर्भातील रामटेक, या वादात निदान दोन्ही डोंगर जागेवर आहेत.)

विज्ञानाने या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे प्ररूप-नमुना. नवी जाती जाहीर करताना एक विशिष्ट वाळवलेला नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो आणि नव्या नावाची गाठ त्या नमुन्याशी कायमची बांधली जाते. 1 जानेवारी 1958 पासून असा नमुना निर्दिष्ट केल्याशिवाय नाव वैध ठरत नाही. वर्णन अपुरे निघाले, सूक्ष्मदर्शके सुधारली, मते बदलली, तरी नमुना पुन्हा काढून पाहता येतो. पुण्यात 1946 साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे, तो याच कामासाठी.

सूक्ष्म अळंबीच्या बाबतीत हे काम विशेष कठीण होते. नखाएवढे छत्र आणि दोऱ्यासारखा दांडा असलेले हे शरीर काही तासांत मलूल होते. वाळल्यावर रंग, गंध आणि चिकटपणा यांपैकी फारसे काही उरत नाही. म्हणून जे नाहीसे होणार ते आधी जागेवरच लिहून घ्यावे लागते. ‘पिवळसर’ हा शब्द येथे पुरत नाही. रंगपट्टीवरील क्रमांक द्यावा लागतो. छत्र कागदावर पालथे ठेवून रात्रभर झाकले की बीजाणूंचा ठसा उमटतो. त्याचा रंग ही एक महत्त्वाची खूण होय. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे : अनेक बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजणे, आयोडीनच्या द्रावणात ते निळसर होतात का हे पाहणे, कल्ल्यांच्या कडांवरील पेशींचे आकार रेखाटणे. अलीकडे त्यास डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या तुलनेची जोड मिळाली आहे. तरीही कोणत्या ज्ञात जातीपासून ही कशात वेगळी, हे अखेर शब्दांतच सांगावे लागते.

या शब्दांची शैलीही अभ्यासण्याजोगी आहे. तीत क्रियापद जवळजवळ नसते. छत्र अमुक रुंदीचे, बहिर्वक्र, मध्याशी गडद. कल्ले विरळ, शुभ्र. दांडा पोकळ, चिकट : अशी विशेषणांची रांग असते. हा लॅटिनचा वारसा होय. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या कवकजातीचे वर्णन वा भेददर्शक टिपण लॅटिनमध्ये असणे सक्तीचे होते; 1 जानेवारी 2012 पासून इंग्रजीही चालते. 1 जानेवारी 2013 पासून नावाची अधिकृत नोंदणी करून क्रमांक घेणेही आवश्यक झाले. मराठीत केलेले वर्णन नियमाच्या दृष्टीने पुरेसे नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण ते लॅटिन वा इंग्रजी वर्णनाच्या शेजारी प्रसिद्ध करण्यास कोणताही नियम आड येत नाही. छत्र, वृंत, कल्ले, बीजाणू ही परिभाषा मराठीपाशी आहे. ती वापरली जात नाही, हा दोष परिभाषेचा नव्हे.

घाई करण्याचे कारणही आहे. 2017 सालच्या एका बहुमान्य अंदाजानुसार जगातील कवकजाती 22 ते 38 लाखांच्या दरम्यान असाव्यात. वर्णन झालेल्या जाती त्यांच्या दशांशाहूनही कमी आहेत. रान तुटले की त्यातील अवर्णित जातींची साधी नोंदही मागे राहत नाही.

नामकरणाच्या दोन तऱ्हा अलीकडच्या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसतात. केरळातून 2024 मध्ये जाहीर झालेली ‘कँडोलिओमायसिस अल्बोस्क्वामोसस’ ही बोटभर उंचीची, मधाच्या रंगाच्या छत्राची अळंबी. तिचे जातिनाम छत्रावरील पांढऱ्या खवल्यांवरून आले : दिसते तसे नाव. मेघालयातून 2020 साली वर्णिलेल्या ‘रोरिडोमायसिस फिलोस्टॅकिडिस’चे नाव मात्र ती ज्या मृत बांबूवर उगवते त्याच्या प्रजातीवरून, फिलोस्टॅकिसवरून, घडले. म्हणजे पद्धत ‘पैरा फुटू’चीच. प्रजातीच्या नावात दवाने भिजल्याचा अर्थ आहे, कारण दांड्यावर दाट बुळबुळीत थर असतो. या अळंबीचा दांडा रात्री हिरवट प्रकाश देतो. छत्र देत नाही. संशोधकांना तिच्यापर्यंत नेले ते स्थानिक माणसांनी. अशा उजळ काड्या ते अंधारात वाटेवर वापरत आणि तिला ‘इलेक्ट्रिक मश्रूम’ म्हणत. शास्त्रीय नावात बांबू आहे, दव आहे. प्रकाश फक्त त्या बोलीतल्या नावात आहे.