सोबतीची जनावरं – लेखांक ६ : मांजर आणण्याआधी आजीला विचारा

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मांजर सहसा कुणी विकत घेत नाही. शेजारच्या घरात मांजरी व्याली की पिलं वाटली जातात आणि कुठलं पिलू आणायचं ते बहुतेक वेळा पोरंच ठरवतात. त्यांची पसंती ठरलेली असते, निळ्या डोळ्यांचं पिलू. आता गंमत अशी की मांजराच्या जवळजवळ प्रत्येक पिलाचे डोळे सुरुवातीला निळेच असतात. सहा-सात आठवड्यांनंतर त्यांत हिरवा, पिवळा, तपकिरी रंग उतरू लागतो. म्हणजे पोरांना भुरळ पाडणारं पिलू अजून आईच्या दुधावरचं असतं. डोळ्यांचा रंग पालटेपर्यंत थांबायचं, एवढी एक खूण पोरांना सांगून ठेवली तरी पुष्कळ पिलं वाचतील.

मोठ्यांना सांगायचं ते वेगळं आहे. मांजर मुलाच्या हौसेसाठी आणू नये, घराच्या गरजेसाठी आणावं. हौस दोन महिन्यांत ओसरते. नीट सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. पहिलीत असताना मांजरासाठी रडणारं मूल पुढे आश्रमशाळेत राहायला जातं आणि मांजर आजीच्या वाट्याला येतं. तेव्हा पिलू आणण्याआधी आजीचा होकार घ्या. खरी मालकीण तीच होणार असते.

आणि गरज खरोखरच असते. भात, नागली, वरई कणगीत भरली की कुडाच्या भिंतीतून उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर नाग, घोणस, धामण. माणूस आणि मांजर यांची सोबत सुरू झाली तीही धान्यापायीच. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, हे २००४ साली जाहीर झालं. शेती नुकती सुरू झाली होती तो हा काळ. मात्र मांजर आहे म्हणून सापांबद्दल निर्धास्त राहू नका. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्यापासून वाचवते ती अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी.

आता निवड. पिलू आठ ते बारा आठवड्यांचं असावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठल्या घरात वाढलं. जन्मानंतर दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलाला माणसांचे हात लागले, पोरांचा कालवा कानांवर पडला, ते पुढे माणसाळतं. माळ्यावरच्या अडगळीत, कुणाच्या नजरेला न पडता वाढलेलं पिलू दिसायला कितीही गोजिरं असो, पोरांच्या घरात ते आयुष्यभर बिथरलेलं राहण्याची भीती असते. म्हणून पिलाच्या आधी त्याच्या आईला पाहा. ती अंगाला हात लावू देते का, उंदीर धरते का? पिलं आईचं पाहूनच शिकार शिकतात. मग पोराला पिलांपासून हातभर दूर गप्प बसवा. आधी दचकून मागे सरलेलं आणि थोड्या वेळाने स्वतःहून हुंगायला आलेलं पिलू निवडा. कोपऱ्यात फिसकारत बसलेलं नको आणि निपचित पडून कुणालाही उचलू देणारं तर मुळीच नको. ते गरीब स्वभावाचं नसतं, आजारी असतं. डोळ्यांना चिपडं, वाहतं नाक, टम्म फुगलेलं पोट यांकडेही पाहावं. पोट फुगलेलं म्हणजे बहुधा जंत.

रंगावर स्वभाव ठरत नाही, पण लिंगाचा अंदाज येतो. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. निव्वळ नारिंगी असेल तर बहुतेक वेळा बोका. मादी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. बोका वयात आला की रात्र-रात्र बाहेर राहतो, भांडतो, जखमा घेऊन येतो. दोघांवरही उपाय एकच, नसबंदी. ती कुठे आणि कधी होईल हे पिलू आणतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा. जव्हार शहरातल्या काही घरांना अलीकडे लांब केसांच्या पर्शियन मांजराचा मोह होतो. इथल्या चार महिन्यांच्या पावसात ते केस रोज विंचरणं आणि कोरडे ठेवणं हे एका माणसाचं काम आहे. माझं मत गावठी मांजरालाच.

गवतकापणीच्या दिवसांत पोरं कधी कधी रानातून पिलं उचलून आणतात. ती रानमांजराची किंवा वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक; पूर्ण वाढली तरी वजन दीड किलोच्या आसपास. ही जनावरं पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि ती माणसाळतही नाहीत. आई जवळपासच असते. पिलं होती तिथेच ठेवावीत आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. आपल्याकडे वाघबारशीला वाघाची पूजा होते, त्याच्या मावशीला मात्र त्या दिवशी कुणी विचारत नाही. निदान तिच्या रानातल्या नात्यागोत्याला त्रास तरी देऊ नये.

घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस पिलू एका खोलीत किंवा पडवीच्या बंद कोपऱ्यात ठेवा. जुन्या घमेल्यात चुलीची राख आणि माती घातली की त्याची शौचाची सोय झाली. खायला नुसता दूधभात किंवा भाकरीचा चुरा पुरत नाही. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. बाजारातली सुकट किंवा जवळा पाण्यात भिजवून, खार काढून भातात कालवावा. कधी उकडलेलं अंडं द्यावं. मोठ्या मांजराला दूध बहुतेक वेळा बाधतं, जुलाब होतात. पोट भरलेलं मांजर उंदीर मारत नाही ही समजूतही सोडा. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते आणि घरी खायला मिळणारं मांजर घराजवळ टिकतं. मांजर ठेवलं असेल तर उंदरांचं औषध मात्र घालायचं नाही. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजरही जातं.

पाच वर्षांखालचं मूल आणि मांजर यांना एकटं सोडू नये. झोळीतल्या तान्ह्या बाळाजवळ तर मांजर फिरकताच कामा नये. ते बाळाचा श्वास ओढून घेतं ही भाकडकथा आहे, पण ऊब शोधत ते बाळाच्या तोंडाशी जाऊन झोपू शकतं. मोठ्या पोरांना चार गोष्टी शिकवाव्यात: जेवताना आणि झोपेत हात लावायचा नाही, मान पकडून उचलायचं नाही, शेपूट आपटू लागली की खेळ संपला, आणि गोंजारायचं ते गालावर, हनुवटीखाली, पोटावर नाही. याखेरीज एक मजेचा प्रयोग. मांजराकडे बघत डोळे सावकाश बारीक करून मिटायचे. ते जवळ यायला धजावतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं होतं. मांजर पकडण्यापेक्षा त्याची वाट पाहण्यात पोरांना जास्त मजा येते, हे आयांनी करून पाहावं.

आजारांपैकी भिण्याजोगा एकच, रेबीज. तो मांजरामुळेही होतो. चावा असो की रक्त काढणारा ओरखडा, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. कातडीत द्यायची लस असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. मांजराला स्वतःला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, पुढे दरवर्षी. जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

जंतांचं प्रकरण सारवलेल्या घरात जास्त महत्त्वाचं. मांजराच्या विष्ठेतली जंतांची अंडी अंगणातल्या मातीत राहतात आणि रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जातात. त्यामुळे घमेल्यातली घाण रोज बाहेर पुरायची आणि पिलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांचं औषध द्यायचं. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी गोळी ही मुलासाठीच आहे. ती मोडून मांजराला देऊ नका, आणि तापाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही. ती मांजराला विष आहे. घरात बाई गरोदर असेल तर घमेलं दुसऱ्याने साफ करावं. टॉक्सोप्लाझ्माची लागण विष्ठा दिवसभराहून जास्त पडून राहिल्यावर होऊ शकते, म्हणूनही ते रोजच्या रोज हवं. मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. पावसाळ्यात कानावर, तोंडावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण. पोरांच्या अंगावर यायला वेळ लागत नाही.

या दोन तालुक्यांत मांजर पाळताना एक अडचण येते, ती शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. दिवाळी झाली की उचल घेऊन कितीतरी घरं जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मांजराचं काय करायचं? कुत्रं माणसांमागे जातं, मांजराचा जीव मात्र घराच्या जागेत असतो. नव्या जागी त्याला दोन-तीन आठवडे कोंडून ठेवावं लागतं. भट्टीवरच्या झोपडीत ते जमणं अवघड. रस्त्यावरून सारखे ट्रक जातात. नेऊ नये हेच बरं. पण दाराला कडी लावून त्याला उंदरांच्या भरवशावर सोडणं हेही खरं नाही. दाणे नसलेल्या घरात उंदीरही राहत नाहीत. पाड्यावर मागे राहणारं घर आधी ठरवा, त्यांच्याकडे थोडी सुकट ठेवा, आणि निघण्याच्या महिनाभर आधीपासून मांजराला त्यांच्या ओट्यावर खायला घालायला लागा. ज्या घरात मागे कुणीच उरत नाही आणि शेजारही निघतो, त्यांनी मांजर आणू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

होळीला परतल्यावर पोरं मांजराकडे धावतील, तर पहिल्या दिवशी त्यांना आवरा. चार महिन्यांत ते थोडं रानटी झालेलं असतं आणि याच वेळी ओरखडे बसतात. ते शेजाऱ्यांकडेच रमलं असेल तर भांडू नका. दोन्ही घरी येऊन-जाऊन ते खाईल.

पुढच्या आठवड्यात कोंबड्या. त्यांना मात्र काही कुटुंबं भट्टीवर सोबत नेतात.