तौलनिक निबंधाचा समान मुद्दा

आदिलाबादचा मराठी विद्यार्थी घरी तुकारामांचे अभंग ऐकतो आणि शाळेत तेलुगूच्या तासाला वेमनांची पद्ये पाठ करतो. महाविद्यालयात ‘तुकाराम आणि वेमना’ हा विषय दिला, की दोन पाने एकावर, दोन पाने दुसऱ्यावर लिहून शेवटी दोघेही थोर ठरवतो. हे दोन परिचय झाले. तुलना अजून सुरूच झालेली नसते.

तुलनेला समान मुद्दा लागतो. समजा, नाममुद्रा घेतली. दोघांकडेही ती रचनेच्या शेवटी येते. पण वेमनांच्या आटवेलदी पद्यात चौथी ओळ बहुधा ठरलेलीच असते. सांगायचे ते तीन ओळींत संपते. तुकारामांची मुद्रा बहुधा शेवटच्या कडव्यात येते आणि अभंगाचा निर्णय तिच्यापुढे येतो. असे का? या प्रश्नाच्या ओघात वारकरी परंपरा, विठ्ठलाशी चाललेले भांडण, वेमनांचा मूर्तिपूजेवरील प्रहार यांना निबंधात आपापली जागा मिळते. परिच्छेदही मग मुद्द्यांप्रमाणे पाडता येतात. चरित्राला एखादे वाक्य पुरे. वेमनांच्या काळाविषयी तर अभ्यासकांतच एकमत नाही.