पाऊस का चुकतो?

वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या आषाढात आभाळ कोरडे होते. पत्र्याखाली बसवत नव्हते. वाचन संपल्यावर एका आजीबाईंनी विचारले, "भाऊ, पाऊस का चुकतो ते भगवंतानं कुठं सांगितलंय का?" मला उत्तर देता आले नाही.

मग भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदीत आणलेला अंगुत्तर निकाय काढला. त्याच्या चतुक्क निपातात 'अधम्मिक सुत्त' आहे. तथागतांनी त्यात क्रमच लावून दिला आहे. आधी राजे अधम्माने वागू लागतात. मग त्यांचे अधिकारी, मग ब्राह्मण व गृहपती, आणि सर्वांत शेवटी शहरांतली व खेड्यांतली माणसे. त्यानंतर ऋतू बिघडतात, वारे भलतीकडून वाहतात, पाऊस नीट पडत नाही, पिके सारखी पिकत नाहीत. ते धान्य खाणारी माणसे अल्पायुषी, दुबळी व रोगी होतात.

मध्येच सूर्यचंद्राची चाल बिघडते, देवता रागावतात, असेही येते. ते मी आजीबाईंपासून लपवले नाही. परंतु बुद्धवचन ओळखण्याची कसोटी बाबासाहेबांनीच याच ग्रंथात दिली आहे : जे बुद्धीला व तर्काला पटते ते. देवता वजा केल्या तरी हिशेब जुळतो. आम्ही कारकून माणसे, नोंद कोणाच्या खात्यावर पडते ते आधी पाहतो. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड पूर्वी सुमारे २८० भाग होता. मुख्यतः कोळसा व तेल जाळून तो ४२० च्या वर गेला. २०२४ हे साल तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण ठरले. हा धूर नाक्यावरच्या बिगाऱ्याने केला नाही, पण भर उन्हात घमेले त्याच्याच डोक्यावर असते. सुत्तात पहिले नाव राजाचे आहे. दुष्काळ पडला की आपल्या वाडवडिलांना मात्र त्यांच्याच मागल्या जन्मीचे पाप ऐकवले जाई!

सुत्ताच्या शेवटी उपमा आहे. कळप नदी ओलांडत असता पुढचा बैल वाकडा गेला, की सारी गुरे वाकडी जातात. आजीबाई म्हणाल्या, "म्हंजी मागच्या गुरांना मारून काय उपेग न्हाई."

पुढल्या रविवारी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलियांचा तंटा झाला, ते प्रकरण वाचायचे आहे. त्याच दिवशी टँकरच्या अर्जावर सह्या घेऊ. मागच्या वेळी बायकांच्या सह्या राहून गेल्या, आणि पाण्याच्या रांगेत उभ्या त्याच असतात.