दिव्य : हातावरचा न्याय

धाराशिव जिल्ह्यांतील उमरग्याहून कल्याण फारसें दूर नाहीं. आज तें कर्नाटकांत मोडतें व बसवकल्याण म्हणून ओळखलें जातें, परंतु इ. स. ११०० च्या सुमारास तेथें चालुक्यांची राजधानी होती, आणि धाराशिवचा मुलूखहि त्यांच्याच राज्यांत होता. सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं विज्ञानेश्वरानें तेथें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. वारसाहक्काच्या दाव्यांत पुढें इंग्रज अमदानींतील न्यायालयांनींहि जिचा आधार घेतला, त्याच मिताक्षरेंत आरोपीच्या हातावर तापलेला गोळा कसा ठेवावा याचेंहि विवेचन आहे.

ओंजळींत पिंपळाचीं सात पानें सुतानें बांधावयाचीं, त्यांवर ५० पळें वजनाचा लालभडक लोखंडी गोळा ठेवावयाचा, आणि आरोपीनें सोळा सोळा अंगुळांचीं सात मंडलें ओलांडावयाचीं. नंतर हातांवर साळी चोळून पाहावयाच्या. भाजलें नसेल तर तो निर्दोष! याखेरीज तुला, जल, विष आणि कोश हीं दिव्यें होतीं. देवाच्या स्नानाचें पाणी पिऊन चौदा दिवस अरिष्टाची वाट पाहणें, तें कोशदिव्य. स्त्रिया, मुलें, वृद्ध, रोगी व ब्राह्मण यांना तराजू. शूद्राला मात्र सात यवांइतकें विष. हा पंक्तिप्रपंच झांकण्याचें कारण नाहीं.

तथापि लेख, भोग व साक्षी यांपैकीं एकहि नसेल तरच दिव्य, असा शास्त्राचा दंडक होता. शिवाय महाभियोगांत, आरोपी सुटल्यास आपण दंड सोसूं, असें फिर्यादीनेंहि कबूल करावें लागे. ही अट मला मोठी शहाणपणाची वाटते.

युरोपांत १२१५ सालींच पोपच्या धर्मसभेनें पाद्र्यांना अशा कसोट्यांत भाग घेण्यास मनाई केली. आपल्याकडे अठराव्या शतकापर्यंत वतनाच्या तंट्यांत दिव्यें होत. जुने कागद धामधुमींत गेलेले, साक्षीदार एकमेकांचे सोयरे; मग गोतसभा रवादिव्य सांगे. कढत तेलातुपांत धातूचा तुकडा टाकावयाचा. दिव्य पत्करणाऱ्याच्या कपाळीं त्याच्या दाव्याचें भाळपत्र बांधावयाचें, आणि तो तुकडा त्यानें हातानें बाहेर काढावयाचा. लगेच हात पिशवींत घालून वर मोहोर करीत, व तिसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष उघडून पाहत. ते तीन दिवस त्याच्या घरीं कोणाला झोंप लागली असेल? हात भाजलेला निघाला तर पाटीलकी गेली, आणि नांगराची मूठ धरणारा हातहि गेला.