जुना ईसीजी कोणाच्या मोबाईलमध्ये आहे?

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी काढला की डॉक्टरांचा एक प्रश्न ठरलेला असतो : याआधीचा ईसीजी आहे का? आलेखातील काही बदल वर्षानुवर्षे तसेच असतात, काही आजच झालेले असतात. एकच कागद पाहून हा भेद दरवेळी करता येत नाही. जुन्या कागदासाठी उपचार थांबत नाहीत आणि थांबवूही नयेत. मात्र तो शेजारी असला तर निर्णय अधिक खात्रीने घेता येतो.

पूर्वी हा कागद कपाटातल्या पन्नीत असे. आता नातेवाईक सांगतात, ‘‘मोबाईलमध्ये आहे.’’ कोणाच्या, तर थोरल्या मुलाच्या, आणि तो पुण्याला. तो रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप चाळू लागतो. दरम्यान त्याने फोन बदललेला असतो आणि जुन्या संदेशातील चित्र उघडत नाही. चांदूर रेल्वेसारख्या गावात हे वारंवार घडते, कारण आपल्या तपासण्या अमरावती, नागपूर, सेवाग्राम अशा चार ठिकाणी झालेल्या असतात आणि घरची माणसेही चार गावी असतात.

वाचकहो, येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आपले फोटो फोनवर, टॅबवर आणि संगणकावर एकसारखे दिसतात, याला सिंक म्हणतात. हा आरसा आहे, दुसरी प्रत नव्हे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असताना नातवाने ॲपमधून एक फोटो पुसला, तर तो सगळीकडून जातो. 60 दिवस कचरापेटीत राहतो आणि नंतर कायमचा नाहीसा होतो. रिपोर्टची पीडीएफ तर या ॲपमध्ये जातच नाही, कारण ती फोटो नव्हे. व्हॉट्सॲपचे फोल्डर वेगळे निवडावे लागते. शिवाय मोफत मिळणारी 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे. ती लग्नाच्या व्हिडिओंनीच भरली की नवे काहीच साठत नाही.

कागद तरी टिकतो का? बऱ्याच ईसीजी यंत्रांचा आणि सोनोग्राफीच्या छोट्या चित्रांचा कागद थर्मल असतो. उष्णतेने आणि प्रकाशाने तो पुसट होतो, आणि आपल्या वऱ्हाडातला मे महिना आपणांस ठाऊक आहेच. असा कागद हाती आल्या दिवशीच उजेडात सपाट ठेवून त्याचा फोटो काढावा. नाव आणि तारीख त्यात आलीच पाहिजे. सीटी किंवा एमआरआयची सीडी मिळाली असेल, तर संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावे. फिल्मचा खिडकीशी धरून काढलेला फोटो निदानाला फारसा उपयोगी पडत नाही.

प्रती वेगवेगळ्या जागी ठेवण्याचे महत्त्व चित्रपटांच्या जगाने फार महाग किंमत देऊन जाणले. दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज उरले आहे. 2003 च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर करून अन्यत्र ठेवल्या होत्या, ते चित्रपट मूळ रिळे जळूनही हरवले नाहीत.

घरासाठी एवढा खटाटोप नको. प्रत्येक व्यक्तीच्या नावाचे एक फोल्डर करावे आणि फाईलचे नाव ‘2024-06 आई क्रिएटिनिन’ असे ठेवावे, म्हणजे ती क्रमाने लागते. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या आजारात एका आकड्यापेक्षा वर्षावर्षाने बदलत गेलेले आकडे अधिक सांगतात. एक प्रत फोनमध्ये, दुसरी ऑनलाइन, तिसरी पेन ड्राइव्हवर. आणि हा पेन ड्राइव्ह फोनच्याच पिशवीत नको, मुलीच्या घरी असला तर उत्तम. रिपोर्ट इतरांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. साधा फोटो लहान होऊन जातो आणि बारीक अक्षरे फिसकटतात. पाठवावा तो संबंधितालाच. पन्नास जणांच्या कौटुंबिक गटावर सुनेचा सोनोग्राफी रिपोर्ट टाकण्याची रीत मला मुळीच पसंत नाही.

आभा क्रमांक काढून ठेवणे चांगलेच. मात्र त्या व्यवस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांच्याच नोंदी तेथे आपोआप मिळू शकतात, जुन्या पन्नीतल्या नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित बाब पासवर्डची. सारे जपून ठेवलेले असते, पण खाते बाबांच्या नावे, ओटीपी त्यांच्याच सिमवर आणि बाबा अतिदक्षता विभागात. घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला फोल्डर ‘शेअर’ करून द्यावे. नंतर एकदा तिच्या फोनवरून ते खरोखर उघडते का, हे पाहावे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

चालू औषधे, त्यांचे डोस आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, एवढे मात्र मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. औषध बदलले की कागदही बदलावा, आणि त्यावर तारीख टाकावी.