भातखाचरातील ट्रॅक्टर व सैल विद्युत जोडणी : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून भात हे तेथील प्रमुख खरीप पीक आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष महिन्यात भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तथापि चिखलणीच्या कामात आता पॉवर टिलर व लहान ट्रॅक्टर यांचाही वापर होतो. बैल का अडला, हे शेतकऱ्यास अनुभवाने उमगते. ट्रॅक्टर ऐन आवणीत अडला की मात्र बहुधा बॅटरीवरच दोष येतो. राबातील रोपे साधारणतः २१ ते २५ दिवसांची असताना लावणे हितावह असते. यंत्र सुरू होण्याची वाट पाहत ती जून होतात आणि नव्या बॅटरीचा खर्चही अंगावर पडतो. पुष्कळदा खरा दोष बॅटरीत नसून एखाद्या सैल जोडणीत असतो. त्याची कारणमीमांसा व शोधाची पद्धती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दिवा लागतो, सेल्फ फिरत नाही

‘दिवे तर झकास लागतात, मग वायरिंग ठीकच असणार’ हा समज सर्वांत फसवा होय. ओहमच्या नियमानुसार जोडणीत वाया जाणारा दाब हा प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. समजा, सैल टर्मिनलमध्ये केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला. ५५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. तेव्हा वाया जाणारा दाब ०.१ व्होल्टही भरत नाही. सेल्फने १५० अँपिअर प्रवाह घेतला, तर त्याच जोडणीत ३ व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फ नुसता ‘टक टक’ करतो व जोडणी तापते, कारण तेथे ४५० वॅट उष्णता निर्माण होत असते. इस्त्रीच्या निम्म्याइतकी ही उष्णता एका बोटभर जागेत साठते.

एवढा अल्प रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्ट्यावर विश्वसनीयपणे मोजता येत नाही. म्हणून तपासणी प्रवाह चालू असतानाच करावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून ठेवून सहकाऱ्यास काही सेकंदच सेल्फ मारण्यास सांगावे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर व दुसरे त्यावरील क्लॅम्पवर टेकवावे. वाचन जवळजवळ शून्य हवे. त्यानंतर ऋण खांब व इंजिनचा धातू यांमधील फरक पाहावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास अर्थिंगची तार संशयास्पद मानावी. चिखल व गंज यांमुळे ही तारच अधिक दुर्लक्षित राहते. बॅटरीच्या दोन्ही खांबांमधील दाबच ९.६ व्होल्टखाली घसरत असेल, तरच बॅटरीकडे वळावे. तीही प्रथम चार्ज करून पुन्हा तपासावी.

‘टक’ असा आवाजही न आल्यास फ्यूज, चावी व क्लचखालील सुरक्षा कळ यांच्या बारीक तारा पाहाव्यात. ही कळ वगळून तारा थेट जोडण्याची युक्ती घातक होय. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर एकाएकी पुढे धावतो. भाताचा पेंढा रचलेल्या पडवीत ट्रॅक्टर उभा राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेल्या तारांचाही शोध घ्यावा.

दुरुस्ती

सैल क्लॅम्पमध्ये खिळा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे. प्रथम ऋण व नंतर धन टर्मिनल सोडावे. ऋण जोडलेले असताना धन टर्मिनलवरील पाना ट्रॅक्टरच्या अंगास लागला तर शॉर्टसर्किट होते. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने जवळ विडी वा काडी पेटवू नये. पांढरट-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. खांब व क्लॅम्प पॉलिश पेपरने घासावेत, अर्थिंगच्या बोल्टखालील रंग खरवडावा आणि घट्ट जोडणी झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावावी. तुटलेल्या तारेस पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली तर पट्टीखाली ओल साचते. त्याऐवजी दाबून बसविलेले थिंबल टिकते. जोडताना धन आधी, ऋण शेवटी.